किल्ली कोणाकडे
(प्रस्तावना)

27 सप्टेंबर 2014. जालना विधानसभा मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. मुदत दुपारी तीनपर्यंत. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि कार्यालयाबाहेर चित्रणाची व्यवस्था होती. पुढे जो वाद पेटला तो याच तीन वाजण्यावरून. विजयी उमेदवाराचे अर्ज मुदत उलटल्यावर घेतले गेले, असा पराभूत उमेदवाराचा आक्षेप होता, आणि त्याचे उत्तर त्या चित्रणात होते. मात्र हे चित्रण कोणत्या यंत्रावर, कसे तयार झाले हे सांगणारे प्रमाणपत्र कायद्याने लागते, आणि त्यावर सही करायला संबंधित अधिकारी पुढे येईनात. वारंवार मागणी करूनही ते मिळाले नाही. औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो 14 जुलै 2020 रोजी. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती.

‘खोतकर विरुद्ध गोरंट्याल’ या नावाने हा निकाल आज देशभरातल्या न्यायालयांत वाचला जातो. मूळ यंत्रच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, पण फुटेजची नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवेच, असे त्यात स्पष्ट केले आहे. ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले आणि समोरच्याने दिलेच नाही, त्याला सवलत मिळू शकते. जालन्याच्या प्रकरणात ती मिळाली, आणि इतर पुराव्यांच्याही आधारावर खंडपीठाचा निर्णय कायम राहिला.

सगळ्याच प्रकरणांत असे होत नाही. 2014 च्या जानेवारीत मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरलेली एक तरुण अभियंता बेपत्ता झाली आणि काही दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. तपास पुढे सरकला तो स्थानकावरच्या सीसीटीव्ही फुटेजमुळे. खालच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची निर्दोष मुक्तता केली. त्यामागे अनेक कारणे होती, पण एक कारण मला या पुस्तकाच्या दाराशीच सांगायला हवे: त्या फुटेजसोबत कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र नव्हते, म्हणून ते फुटेज विचारात घेता आले नाही. आरोपी खरोखर कोण होता याबद्दल मी काही बोलणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण एका मुलीच्या आईवडिलांनी अकरा वर्षे वाट पाहिली आणि तिच्या शेवटच्या प्रवासाचे जे चित्रण होते, ते कागदाच्या एका तुकड्याअभावी बाजूला ठेवावे लागले, हे विसरून कॅमेऱ्यांवर पुस्तक लिहिता येणार नाही.

हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यातले बहुतेक जण या क्षेत्रातले नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीवर निवडून आलेला सेक्रेटरी, शाळेच्या संस्थेचा विश्वस्त, वीस खाटांचे रुग्णालय चालवणारे डॉक्टर दांपत्य, औद्योगिक वसाहतीतला गाळामालक. यांच्यापुढे कोटेशन येते. त्यात कॅमेऱ्यांची संख्या असते, मेगापिक्सेल असतात, हार्ड डिस्कचा आकार असतो, दाराला लावायच्या रीडरचे आणि मॅग्नेटिक लॉकचे दर असतात. तीन कोटेशने घेऊन मधले मंजूर होते. या सगळ्या कागदांत एक रकाना कधीच नसतो: याची किल्ली कोणाकडे? चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे डीव्हीआरचा, पासवर्ड कोणाच्या ताब्यात, फुटेज कोणी पाहायचे, कोणाच्या सांगण्यावरून कोणाला द्यायचे, सोडून गेलेल्या भाडेकरूचे कार्ड कोणी बंद करायचे, आग लागली तर दार कोण उघडणार? या पुस्तकातली बरीच प्रकरणे तंत्राची असली तरी मला त्यांतून एकच गोष्ट सांगायची आहे: हा रकाना आधी भरा, यंत्रे नंतर घ्या.

ही मागणी नवी नाही. शिवकाळातल्या किल्ल्यांवरची व्यवस्था सभासदाच्या बखरीत वाचायला मिळते. हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशा तीन अधिकाऱ्यांनी मिळून गडाचा कारभार पाहायचा. एकाच्या हाती सगळे द्यायचे नाही. दरवाजे संध्याकाळी बंद होत, सकाळी उघडत, आणि किल्ल्या कोणाकडे याचे उत्तर ठरलेले असे. तटाची उंची, बुरुजांची वळणे, महादरवाजातली लहानशी दिंडी ही सगळी दगडातली हुशारी खरीच, पण एकटा माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये ही हुशारी कागदावरची होती. उलट बाजूला शनिवारवाडा पाहा. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा हत्ती आलेच नाहीत. वाड्याच्या रक्षणासाठी पगार घेणारे गारदीच आत घुसले. खिळ्यांनी त्यांना अडवण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांची कार्डे चालू होती.

कॅमेरा आणि दाराचे नियंत्रण या दोन गोष्टी बाजारात वेगवेगळ्या विकल्या जातात, म्हणून त्या वेगळ्या आहेत असे वाटते. बंद मंडलातले दूरचित्रण, म्हणजे सीसीटीव्ही, पहिल्यांदा वापरले गेले ते 1942 मध्ये जर्मनीत, पेनेम्युंडे येथे रॉकेटचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी, असे सांगितले जाते. पण घराच्या दाराशी कॅमेरा आणला तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने. तिच्या कामाच्या वेळा अवेळी असत, नवऱ्याच्याही, आणि वस्तीत पोलीस लवकर येत नसत. तिने पती अल्बर्ट यांच्यासह 1966 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि 2 डिसेंबर 1969 रोजी ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे. त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, म्हणजे उंच माणूस आणि लहान मूल दोघेही दिसावेत. आत खोलीत पडदा. बाहेरच्याशी बोलण्याची सोय. ओळखीचा असेल तर दुरूनच दार उघडायचे बटण. धोका वाटला तर मदत मागवायचे दुसरे बटण. त्या आराखड्याबद्दल मला फार आदर आहे. त्यात पाहणे आणि दार उघडणे एकत्र आहे, आणि दोन्हींचा निर्णय घरात एकट्या असलेल्या बाईच्या हातात आहे. पुढच्या पन्नास वर्षांत यंत्रे कितीतरी सुधारली, पण निर्णय मात्र तिच्या हातातून सुटत सुटत आधी कमिटीकडे, मग एजन्सीकडे, आणि आता कुठल्याशा ॲपकडे गेला.

तंत्राच्या प्रकरणांत आकडे आहेत. त्यांना घाबरू नये. त्यांतला एक आकडा इथेच सांगतो, कारण तो कळला की निम्मी फसवणूक टळते. अनोळखी माणसाची ओळख शंका न उरता पटवायची असेल तर चित्रात एका मीटरच्या रुंदीला किमान 250 पिक्सेल हवेत, असा आंतरराष्ट्रीय मानकावरून रूढ झालेला निकष आहे. ओळखीचा माणूस ओळखायला 125 पुरतात. नुसते कोणीतरी आहे एवढे कळायला 25. आता दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे 1920 पिक्सेल देतो. भागाकार करा. तो जास्तीत जास्त साडेसात-पावणेआठ मीटर रुंदीच्या जागेत चेहऱ्याची ओळख पटवू शकतो. आपल्याकडे सर्रास लावले जाते ते 2.8 मिलिमीटरचे भिंग इतके रुंद पाहते की ही मर्यादा कॅमेऱ्यापासून सव्वातीन मीटरच्या आसपासच संपते. त्यापलीकडचे सगळे पार्किंग चित्रात छान दिसते, झाडे दिसतात, गाड्या दिसतात, आणि ज्या माणसासाठी कॅमेरा लावला त्याचा चेहरा चार ठिपक्यांत मावतो. ‘एकाच कॅमेऱ्यात सगळा आवार येतो’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे असते, आणि नेमके तेच कारण असते तो कॅमेरा त्या जागी न घेण्याचे.

मग गेटवर दोन कॅमेरे लागतात. एक आवार पाहणारा, दुसरा अरुंद नजरेचा, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीजवळ, जिथे प्रत्येकाला थांबावे किंवा वळावे लागते अशा जागी. खांबावर पंधरा फुटांवर बसवलेला कॅमेरा टोप्या, छत्र्या आणि हेल्मेट टिपतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गेटवर संध्याकाळी पाच ते सात या वेळेत उजेड समोरून येतो आणि येणारा प्रत्येक जण काळी सावली होतो. रात्री गाडीचे दिवे कॅमेऱ्याच्या डोळ्यात जातात आणि नंबरप्लेट पांढरी पट्टी होऊन बसते. पावसाळ्यात अवरक्त दिव्यांच्या उबेला किडे जमतात, किड्यांमागे पाली येतात, कोळी जाळे विणतो, आणि रात्रभर त्या जाळ्याचाच एक तंतू पडद्यावर हलत राहतो. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीची सूचना मोबाइलवर येण्याची सोय असेल तर दोन रात्रींत सगळे ती सूचना बंद करून टाकतात. हे बारकावे कोटेशनमध्ये नसतात. म्हणून दुसऱ्या प्रकरणात दिलेली चाचणी आवर्जून करा: संध्याकाळी सहाला आणि रात्री दोनला, कमिटीतल्या एकाने गेटमधून चालत यावे आणि दुसऱ्याने ते चित्रण त्याच रात्री काढून दाखवावे. बिल त्यानंतर द्यावे.

काढून दाखवणे यावर माझा भर आहे, कारण बहुतेक ठिकाणी ते कोणी कधी केलेलेच नसते. एक हिशेब करू. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने लिहीत असेल, तर दिवसाला 21.6 गिगाबाइट होतात. सोळा कॅमेऱ्यांचे महिन्याचे दहा टेराबाइटहून अधिक. सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये चार टेराबाइटची डिस्क असेल तर तिच्यात साडेअकरा दिवस मावतात. बाराव्या दिवशी यंत्र निमूटपणे पहिल्या दिवसावर लिहू लागते. कमिटी मात्र सभेत ‘तीस दिवसांचे रेकॉर्डिंग’ म्हणून सांगत असते. चोरी लक्षात येते ती कुटुंब गावाहून परत आल्यावर, पंधराव्या दिवशी. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबाबत 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अठरा महिन्यांचे चित्रण जपायला सांगितले, आणि कोठडीतल्या अत्याचाराची तक्रार बहुधा उशिराच पुढे येते. किती दिवस साठवायचे हे असे ठरवायचे असते: आपल्या जागेत जे वाईट घडू शकते, ते उघडकीला यायला किती दिवस लागतात यावरून. डिस्क किती स्वस्त मिळते यावरून नव्हे.

आणि घड्याळ. आतली बॅटरी संपलेले यंत्र वीज गेल्यावर स्वतःची तारीख विसरते. न विसरणारेही महिन्याला थोडे थोडे मागेपुढे होत राहते. जालन्याचा सगळा वाद दुपारच्या तीनच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावर उभा होता. तुमच्या डीव्हीआरचे घड्याळ आत्ता किती मिनिटे चुकते आहे ते पाहा. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याची सोय जवळजवळ प्रत्येक यंत्रात असते आणि बहुतेकांत ती बंद असते.

1 जुलै 2024 पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्याच्या 63 व्या कलमाखालचे प्रमाणपत्र दोन भागांचे आहे: एक भाग यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची ‘हॅश’, म्हणजे एक बिट बदलला तरी बदलणारी लांबलचक आकडे-अक्षरांची खूण, त्यात नोंदवायची. पहिल्या भागावर सही करणारा माणूस कोण? सोसायटीचा सेक्रेटरी? दरवर्षी बदलणारा खजिनदार? वार्षिक देखभालीच्या कंत्राटाचा, म्हणजे एएमसीवाला, मुलगा? हे आगाऊ ठरलेले नसेल तर प्रसंग आल्यावर सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि तेवढ्यात बारावा दिवस उजाडतो.

दारांच्या प्रकरणांकडे वळतो. कार्ड दाखवले की दार उघडते, म्हणून ते सुरक्षित आहे असे मानणाऱ्यांनी चौथे प्रकरण नीट वाचावे. आपल्या अनेक इमारतींत अजूनही जी जुनी 125 किलोहर्ट्झची कार्डे चालतात, ती फक्त एक क्रमांक ओरडून सांगतात. प्रचलित 26 बिटांच्या पद्धतीत त्या क्रमांकाचे आठ बिट जागेचे, सोळा बिट कार्डाचे आणि दोन तपासणीचे. गुप्त असे त्यात काहीच नाही. नक्कल करणारे यंत्र बाजारात सहज मिळते. जगभर पसरलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाची संकेतपद्धती 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखन विद्यापीठाच्या संशोधकांनी उलगडून दाखवली. निर्मात्या कंपनीने ते प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने संशोधकांच्या बाजूने कौल दिला. चांगली कार्डे आज उपलब्ध आहेत, फार महागही नाहीत. पण खरे सांगायचे तर, मी पाहिलेल्या जागांत नक्कल केलेल्या कार्डाने कोणी शिरल्याचे उदाहरण क्वचितच. शिरतात ते दुसऱ्याच्या पाठोपाठ. आपण सभ्य माणसे आहोत, मागून कोणी येत असेल तर दार धरून ठेवतो. आणि शिरतात ते गेल्या वर्षी घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या, नोकरी सोडलेल्या ड्रायव्हरच्या, कधीच बंद न केलेल्या कार्डाने. याला तंत्राचे उत्तर नाही. महिन्यातून एकदा कोणीतरी यादी घेऊन बसायचे, एवढेच उत्तर आहे.

दारांबाबत याहून मोठे, सगळ्या पुस्तकात मला सर्वात महत्त्वाचे वाटणारे, ते आता सांगतो.

30 डिसेंबर 2016 च्या पहाटे पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली. आत सहा कामगार झोपले होते. शटरला बाहेरून कुलूप होते. सहाही जण गेले. 9 मे 2019 च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथल्या कापडाच्या दुकान-गोदामाला आग लागली. आत पाच तरुण कामगार होते. तिथेही दार बाहेरून बंद होते. पाचही जण गेले. दोन्हीकडे कुलूप माल जपण्यासाठी होते. माल जपण्याच्या प्रत्येक साधनात माणूस कोंडण्याची ताकद असते, आणि विजेवर चालणाऱ्या कुलपांनी ती कमी केलेली नाही, फक्त ती दिसेनाशी केली आहे. पूर्वी शटरला लोंबणारे कुलूप तरी डोळ्यांना दिसत असे.

विजेची कुलपे दोन स्वभावांची असतात. काही वीज गेली की उघडी पडतात; मॅग्नेटिक लॉक या जातीचे, कारण वीज नसेल तर चुंबकच राहत नाही. काही वीज गेली की घट्ट बंदच राहतात. तिजोरीच्या खोलीला ती ठीक. माणसांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर कोणते आहे, हे प्रत्येक दारापाशी उभे राहून विचारा. आणि उघडणारे आहे असे उत्तर मिळाले तरी थांबू नका, कारण त्या कुलपाला बॅटरीचा जोड दिलेला असतो. आग लागते, मेन स्विच पाडला जातो, इमारत अंधारात जाते, आणि बॅटरी इमानेइतबारे दार धरून ठेवते. म्हणून अग्निसूचक यंत्रणेची तार थेट कुलपाच्या वीजपुरवठ्यात जाऊन तो तोडणारी हवी. आतल्या बाजूला काच फोडून दाबायची हिरवी पेटी हवी. आणि तिचा परिणाम संगणकाच्या मर्जीवर अवलंबून नसावा. आतून बाहेर पडायला कार्ड, अंगठा, पासवर्ड यांपैकी काहीही लागता कामा नये. जिथे हजेरीसाठी बाहेर जातानाही पंच करायला लावतात, तिथे पंच करू द्या, पण दार त्याची वाट पाहणारे नको. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते कागदोपत्री घेणाऱ्या संस्था मी जाणतो. त्याच दिवशी, एजन्सीचा माणूस समोर असताना, अलार्म वाजवून प्रत्येक दार हाताने ढकलून पाहा. अर्धा तास लागतो. या पुस्तकातले दुसरे काहीही जमले नाही तरी एवढे करा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता माणसांबद्दल. कॅमेरे आले म्हणून वॉचमन कमी करावेत, असा हिशेब अनेक सभांत मांडला जातो. कॅमेरा पाहतो, विचारत नाही, थांबवत नाही, पडलेल्या आजोबांना उचलत नाही. कॅमेऱ्यांचा गुन्ह्यांवर काय परिणाम होतो यावर चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक एकत्र आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी घट सुमारे 13 टक्के. वाहनतळांवर परिणाम ठळक, निवासी भागातही दिसणारा. हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठोस परिणाम आढळला नाही. आणि जिथे कोणीतरी पडद्यासमोर बसून लक्ष देत होते, जिथे उजेड, पहारा अशी इतर साधनेही सोबत होती, तिथे परिणाम जास्त. म्हणजे कॅमेरा माणसाची जागा घेत नाही, तो माणसाच्या हाती दिला तरच कामाचा. बारा बारा तास उभा राहणारा, बसायला खुर्ची नसलेला, जवळ स्वच्छतागृह नसलेला, किमान वेतनापेक्षा कमी पैशांवर एजन्सीने पाठवलेला माणूस मध्यरात्री अडीचला काय पाहणार? महाराष्ट्रात खाजगी सुरक्षारक्षकांसाठी 1981 पासून स्वतंत्र कायदा आहे, मंडळ आहे. सुरक्षेच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ त्याच्या पगाराची आणि खुर्चीची असावी, असे मला वाटते. आणि हे मी दयेपोटी म्हणत नाही.

गेटवर ज्यांना सर्वात जास्त अडवले जाते, त्या धुणेभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका. त्यांचे फोटो घेतले जातात, अंगठे घेतले जातात, ॲपवर त्यांच्या येण्याजाण्याची वेळ दहा घरांना कळते, निघताना पिशव्या उघडल्या जातात. वर्षानुवर्षे भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा ठसा यंत्र घेत नाही, मग ती रोज गेटवर तिष्ठत उभी राहते आणि पहिल्या घरी उशीर झाला म्हणून बोलणी खाते. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. तो अधिकार फ्लॅटच्या मालकापुरता नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे. पण सोसायटी, शाळा, रुग्णालय या व्यक्ती नव्हेत. कोणाची कोणती माहिती कशासाठी घेतली, किती दिवस ठेवली, कोणाला दिली, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. गेटवरच्या फाटक्या रजिस्टरात येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर पुढच्याला वाचता येतो, याचाही विचार या निमित्ताने व्हावा. कॅमेरा कुठे नको, तेही तितक्याच स्पष्टपणे ठरवले पाहिजे: शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको, कपडे बदलण्याच्या जागेत नको, लहान मुलांच्या स्वच्छतागृहात नको. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारने शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवायला सांगितले. बसवणे सोपे होते. ते चालू आहेत का हे रोज पाहणारी व्यक्ती नेमणे, आणि मुलांचे चित्रण कोणाच्या मोबाइलवर जाते याला आळा घालणे, हे काम अजून बाकी आहे आणि सातवे प्रकरण त्यासाठीच आहे.

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा स्वतःही एक दार असतो. 2016 मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून येताना असलेले साठेक नेहमीचे पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट रोखून धरली. मार्च 2021 मध्ये एका कंपनीच्या सर्व ग्राहकांवर चालणाऱ्या एकाच खात्याचा पासवर्ड बाहेर पडला आणि रुग्णालये, तुरुंग, कारखाने यांतल्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांची चित्रे परक्यांना दिसली. आपल्याकडे एप्रिल 2025 पासून विक्रीला येणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या किमान अटींची सरकारमान्य चाचणी बंधनकारक झाली, हे चांगले झाले. आधीच भिंतीवर असलेल्या कॅमेऱ्यांना मात्र ती लागू नाही, आणि बसवणाऱ्या मुलाने सोयीसाठी ठेवलेला 12345 हा पासवर्ड कोणतीही चाचणी बदलू शकत नाही.

पुस्तकाचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. कॅमेऱ्यांचे प्रकार, केबलच्या लांबीची शंभर मीटरची मर्यादा, यूपीएसचा हिशेब हे सगळे उत्तरार्धात आहे. सुरुवातीला आहे तो ठरावाचा मसुदा, वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडण्यासाठी. त्यात रिकाम्या जागा आहेत: पासवर्ड ज्या दोघांकडे राहील त्यांची नावे, फुटेज पाहण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा आणि किती तासांत उत्तर मिळेल, पोलिसांनी मागितल्यास पावती कोण घेईल, प्रमाणपत्रावर सही कोण करेल, चित्रण किती दिवस राहील, कार्डांची यादी कोणत्या तारखेला तपासली जाईल, अग्निचाचणीच्या दिवशी दारे कोण ढकलून पाहील, घरकामाला येणाऱ्या बायकांपैकी कोणाशी या सगळ्याबद्दल बोलणे झाले. या शेवटच्या ओळीवर काही सभांमध्ये आक्षेप निघतील, तरी ती काढू नये. ठराव एका बैठकीत पूर्ण होणार नाही. नावे घालायची वेळ आली की लोक मागे सरतात. नावे मिळेपर्यंत कोटेशन मागवू नका. आणि कॅमेरे आधीच लागलेले असतील, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव पहिला घ्या.